सेंद्रिय भाजी खरंच जास्त पौष्टिक असते का?

या महिन्यात ऑरगॅनिक म्हणजे सेंद्रिय खाण्याबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. सगळी छापता येणार नाहीत, पाच घेतलीत.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहते, मुलगा चार वर्षांचा. सहा महिन्यांपूर्वी सोसायटीच्या ग्रुपवर केमिकलवाल्या भाज्यांचे व्हिडिओ बघून इतकी घाबरले की तेव्हापासून सगळं ऑरगॅनिकच मागवते. मेथीची जुडी साठ रुपये, टोमॅटो शंभरच्या खाली नाहीत, सफरचंदाचं तर विचारूच नका. मिस्टर म्हणतात फॅड आहे, सासूबाई म्हणतात आम्ही काय मेलो का बाजारची भाजी खाऊन. ऑरगॅनिकने मुलाला खरंच जास्त पोषण मिळतं का? आणि एक सांगायचं राहिलं, खर्च झेपत नाही म्हणून आता पालेभाजी आठवड्यातून एकदाच होते आणि फळं फक्त मुलाला देते, आम्ही दोघं खात नाही. ते चालेल ना?

उत्तर : शेवटची ओळ तुम्ही सांगायचं राहिलं म्हणून लिहिलीत पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटली, म्हणून आधी तिचंच उत्तर देते. नाही, ते नाही चालणार. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या आणि फळं खायला सांगते, बटाटे-रताळी त्यात धरत नाहीत, आणि आपल्याकडे साधी भाजी आणणाऱ्या घरांतही तेवढी पोटात जात नाही, डब्यात वाटीभर भाजी, रात्री आमटी-भात, झालं. त्यात तुम्ही मुलाच्या भल्यासाठी महागाची भाजी आणायला लागलात आणि घरातली भाजी निम्म्याहून कमी झाली. बाजारातली साधी मेथी, चवळी, लाल माठ आठवड्यातून चारदा झाला तर तो साठ रुपयांच्या एका जुडीपेक्षा तुम्हा तिघांनाही जास्त उपयोगाचा आहे. आणि तुम्ही दोघांनी फळं सोडायची काहीही गरज नाही, पेरू खा, केळी खा, सीझनची बोरं खा.

आता पोषणाचं. शेणखत घातलं काय किंवा युरिया घातला काय, रोपाचं मूळ नायट्रोजन उचलतं तो मुख्यतः नायट्रेट नाहीतर अमोनियम याच रूपात, तो कुठून आला ते मुळाला कळत नाही. त्यामुळे लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वं यात मोठा फरक पडावा असं कारणच कमी, आणि तपासलं तेव्हाही तो फारसा दिसला नाही. 2009 साली लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने तिथल्या सरकारी अन्न संस्थेसाठी आधीच्या पन्नास वर्षांतलं संशोधन चाळलं, 2012 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी 237 अभ्यास एकत्र करून पाहिले, दोघांचंही म्हणणं साधारण एकच की पोषणात म्हणावा असा फरक नाही. 2014 मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या टीमने 343 अभ्यास घेतले आणि त्यांना मात्र सेंद्रिय मालात अँटिऑक्सिडंट्स जास्त आणि कॅडमियम हा घातक धातू जवळजवळ निम्मा आढळला. हा निकाल मी नाकारत नाही, पण अँटिऑक्सिडंट थोडी जास्त असलेली भाजी खाऊन माणूस कमी आजारी पडतो हे त्यातून सिद्ध झालेलं नाही. भाजीचं वाण कोणतं, किती पिकल्यावर तोडली, तोडून किती वेळ झाला यानेही खूप फरक पडतो. सकाळी कल्याणच्या मार्केटला उतरलेला आणि दुपारी तुमच्या कढईत गेलेला साधा पालक हा तीन दिवस गोडाऊनमध्ये पडून मग डिलिव्हरीच्या पिशवीतून आलेल्या ऑरगॅनिक पालकापेक्षा क जीवनसत्त्वात सरस असू शकतो.

खरा फरक आहे तो कीटकनाशकांच्या, म्हणजे शेतात मारलेल्या औषधांच्या अंशात. त्याच स्टॅनफर्डच्या अभ्यासात कीटकनाशकाचे अंश सेंद्रिय फळं-भाज्यांच्या 7 टक्के नमुन्यांत सापडले आणि साध्या मालाच्या 38 टक्के नमुन्यांत. म्हणजे सेंद्रियमध्ये शून्य नाही, पण बरेच कमी. तुमचं लहान मूल आहे म्हणून अजून एक सांगते. 2006 साली सिअॅटलजवळच्या 23 शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय जेवण देऊन रोज त्यांची लघवी तपासली, तर मॅलेथिऑन आणि क्लोरपायरीफॉस या दोन औषधांच्या खुणा लगेच जवळजवळ नाहीशा झाल्या आणि नेहमीचं जेवण सुरू केल्यावर परत आल्या. यातल्या क्लोरपायरीफॉसला मुलांच्या मेंदूच्या वाढीच्या काळजीपोटी युरोपने 2020 मध्ये बंद केलं. म्हणजे तुमची भीती अगदीच हवेतली नाही, मिस्टरांनाही हे वाचायला द्या.

पण प्रमाणही बघायला हवं. प्राण्यांवर ज्या मात्रेला काहीच त्रास दिसत नाही ती मात्रा धरून तिचा साधारण शंभरावा भाग माणसाला रोज चालेल असं मानतात, आणि मालात किती अंश चालतील याची मर्यादा ठरवताना त्याच्याशी ताळा बघतात. आपल्या केंद्र सरकारच्या तपासणीत 2014-15 मध्ये देशभरातून 20,618 नमुने घेतले होते, त्यातल्या 18.7 टक्के नमुन्यांत अंश सापडले आणि मर्यादेच्या वर गेलेले 2.6 टक्के. व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओत सगळीच भाजी विष असते, तसं चित्र नाही. मला खटकतं ते वेगळंच, काही नमुन्यांत त्या पिकावर मारायला परवानगीच नसलेली औषधं होती, शिवाय मर्यादा एकेका औषधाची वेगवेगळी ठरते, चार औषधं थोडी थोडी एकत्र पोटात गेली तर काय याचा अभ्यास त्या मानाने कमी झालाय. म्हणून लहान मूल किंवा गरोदर बाई घरात असेल तर थोडी काळजी घ्यावी असं माझंही मत आहे.

ती काळजी सगळ्या किराण्यावर नका खर्च करू. केळी, नारळ, कांदा, लाल भोपळा, कलिंगड, मटार यांचं साल नाहीतर टरफल आपण काढूनच टाकतो, तिथे ऑरगॅनिकचे जास्तीचे पैसे देण्यात फार अर्थ नाही. ज्वारीचंही तसंच, सोलापूर-मंगळवेढ्याकडची कोरडवाहू रब्बीची ज्वारी, तिला फवारणी फारशी लागतच नाही, त्यावर ऑरगॅनिक लिहून तिप्पट भाव लावला तरी आत तीच शाळू असते. याउलट वांग्याला शेंडे आणि फळ पोखरणारी अळी, फ्लॉवर-कोबीला ठिपक्यांचा पतंग, मिरचीला फुलकिडे, इथे शेतकरी फवारून फवारून थकतो. द्राक्षं, कढीपत्ता, कोथिंबीर हेही तसंच. पैसे घालायचेच असतील तर मुलाच्या पोटात वारंवार जाणाऱ्या अशा दोन-तीन गोष्टींवर घाला. आणि पावसाळ्यात तुमच्या भागात आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, कंटोळी घेऊन बसतात ना, त्या रानभाज्यांवर कोणी औषध मारत नाही, त्या आवर्जून घ्या, फक्त शेवळं नीट शिजवायची पद्धत त्यांनाच विचारून घ्या नाहीतर घसा खाजतो. रेल्वे रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर वाढलेली पालेभाजी मात्र टाळा, तिथे प्रश्न पाण्यातल्या घाणीचा आणि जड धातूंचा आहे, शेतकऱ्याने औषध एकदाही मारलं नाही तरी तो सुटत नाही.

सासूबाईंना सांगा की त्यांचं अर्धं बरोबर आहे.

प्रश्न : मी नागपूरचा, वय 34. पोषण सारखंच असेल तर सेंद्रिय म्हणजे श्रीमंतांना टोपी घालायचा धंदा नाही का? का द्यायचे जास्त पैसे? आणि कॅन्सर टळतो म्हणतात ते तरी खरं का?

उत्तर : कॅन्सरचं आधी. फ्रान्समध्ये सुमारे 69 हजार लोकांच्या पाहणीत, 2018 साली ती छापून आली, सगळ्यात जास्त सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये कॅन्सर 25 टक्के कमी आढळला. ती बातमी सगळीकडे फिरली. पण 2014 मध्ये ब्रिटनमध्ये सहा लाखांहून जास्त बायकांचा नऊ वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास आला होता, त्यात एकूण कॅन्सर कमी झालेला दिसला नाही. शिवाय जास्त सेंद्रिय खाणारी माणसं बहुतेक वेळा जास्त शिकलेली, कमी सिगारेट ओढणारी, भाज्या-फळं मुळातच जास्त खाणारी असतात, संशोधक हा फरक हिशेबातून काढायचा प्रयत्न करतात पण तो पूर्ण निघतोच असं नाही. तर कॅन्सर टळतो असं आज कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण धंदा आहे, टोपी आहे, हे मला अजिबात पटत नाही आणि का ते जरा सविस्तर लिहिते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबाग. आमच्याकडे कीटकनाशकाला कोणी विष म्हणत नाही, औषध म्हणतात, औषध आणलं, औषध मारलं. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी, ढगाळ थंडी पडली की भुरी, दोन्ही बुरशीसारखे रोग, रात्री अकराला वडील उठून आभाळ बघायचे आणि पहाटे फवारणीचा ब्लोअर सुरू. अंगात जुना शर्ट, तोंडाला रुमाल, तेवढंच. मी लहानपणी त्यांच्या शर्टाचा तो उग्र वास सीझनचा वास समजायचे. संध्याकाळी डोकं दुखायचं, डोळे लाल व्हायचे, मळमळायचं, चहा प्यायचे आणि परत दुसऱ्या दिवशी तेच. ते औषध तुमच्या-माझ्या घासात अगदी कणभर येतं, आणि माझ्या वडिलांच्या, त्यांच्याबरोबर नळी ओढणाऱ्या मजुराच्या नाकात, त्वचेतून अंगात किती पटींनी जात असेल याचा विचार शहरात बसून ऑरगॅनिक चांगलं की वाईट हे ठरवताना कोणी करतच नाही.

तुम्ही विदर्भातले, तुम्हाला 2017 चं यवतमाळ आठवत असेल. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारणाऱ्याच्या तोंडावर, छातीवर सगळं उडत होतं, त्या हंगामात वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने गेले, शेकडो दवाखान्यात. कुणाची दृष्टी काही दिवस गेली होती. खाणाऱ्याला अशी इजा होत नाही, मारणाऱ्याला होते. आणि सेंद्रिय शेतीचा सगळ्यात पक्का, वाद न घालता येणारा फायदा मला हाच वाटतो, की त्या शेतात काम करणारी बाई मोनोक्रोटोफॉससारखं जहाल कीटकनाशक अंगावर घेत नाही. भाजीपाल्यावर वापरायला ते 2005 पासून बंदच आहे, पण कपाशीवर चालायचं, आणि बाटली एकदा घरात आली की ती कपाशीलाच वापरली जाते असं थोडंच आहे.

सेंद्रियमध्ये औषधच नसतं असंही समजू नका, तिथेही कीड येतेच. दशपर्णी अर्क, निंबोळी अर्क, गंधक, बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, हे सगळं मारतात, मोरचुदातलं तांबं वर्षानुवर्षं मारलं तर जमिनीत साठत जातं. तरी ज्या औषधाने माणूस चक्कर येऊन बांधावर पडतो ती जात वेगळी.

आणि सुधारणा फक्त सेंद्रियनेच होते असंही नाही. 2003 च्या सुमारास युरोपात आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश सापडले, मग अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीची सरकारी संस्था, तपासणी लावली, 2006 पासून तिच्या ग्रेपनेट या नोंदणी यंत्रणेवर बागेची नोंद, मालाचा नमुना लॅबला, रिपोर्ट आला तरच माल जहाजात. 2010 मध्ये सीसीसी या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे कंटेनर अडकले तेव्हा आमच्या गावात चुली पेटल्या नव्हत्या म्हणायला हरकत नाही, लोकांचं इतकं नुकसान झालं. पण त्यातून शेतकरी शिकला, कोणतं औषध तोडणीच्या किती दिवस आधी बंद करायचं हे आता आमच्याकडे पोरांनासुद्धा पाठ आहे. एवढी शिस्त आपण युरोपातल्या माणसासाठी पाळू शकतो तर ती नागपूरच्या, डोंबिवलीच्या माणसासाठीही पाळली गेली पाहिजे, लोकल मालाला कोण विचारतं हे वाक्य मला लहानपणापासून सलतं.

प्रश्न : वय वर्षे 71, सांगली. मुलीने गच्चीवर भाज्या लावल्यात, शेणखत आणि जीवामृतावर. औषध नाही म्हणून मी गाजर, मुळा, मेथीची पानं तशीच तोडून न धुता खातो. मोड आलेली कच्ची मेथी पण घेतो. काही अपाय नाही ना?

उत्तर : काका, धुवा. औषध नसलं तरी शेणातले जंतू असू शकतात, जीवामृतात तर शेण-गोमूत्र थेट पाण्यात कालवलेलं असतं, ते पानांवर उडालं की तुमच्या तोंडात. खत पूर्ण कुजलेलं, काळं, मातीचा वास येणारं असलं तरच वापरायला सांगा आणि ज्या पानांची कोशिंबीर करायची तिथे जीवामृत बुंध्याशीच ओतू दे.

मोडांचं तर मुद्दाम लिहिते. 2011 साली जर्मनीत ई कोलायच्या एका भयंकर जातीची साथ आली, सुमारे चार हजार लोक आजारी आणि पन्नासच्या वर मृत्यू, कित्येकांच्या किडन्या गेल्या. आधी बिचाऱ्या स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, शेवटी शोध लागला तो मोड आलेल्या मेथीपर्यंत, आणि ते मोड उत्तर जर्मनीतल्या एका सेंद्रिय फार्मवर काढलेले होते. सेंद्रिय होते म्हणून ते झालं असं नाही, जंतू बियांवरच होते आणि मोड यायला लागणारी ऊब आणि ओल त्यांनाही मानवते. तुमच्या वयात कच्चे मोड नकोत, वाफवून किंवा उसळ करून खा.

बाजारच्या भाजीसाठी, बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून इथेच सांगते. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं हेच मुख्य. अमेरिकेत 2017 मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात खायच्या सोड्याच्या पाण्यात 12 ते 15 मिनिटं ठेवल्यावर सालीवरचे अंश नुसत्या पाण्यापेक्षा चांगले निघाले, लिटरभर पाण्याला दोन छोटे चमचे सोडा असं साधारण प्रमाण. सालीच्या आत मुरलेलं मात्र त्यानेही निघत नाही. भाजी धुवायचे खास महागडे लिक्विड घ्यायची गरज मला वाटत नाही, आणि साबण तर अजिबात लावू नका.

प्रश्न : शुगर आहे. ऑरगॅनिक गूळ, ऑरगॅनिक साखर, ऑरगॅनिक कुकीज चालतील का? दुकानदार म्हणतो चालतात. — कोल्हापूर

उत्तर : नाही चालत. ऊस सेंद्रिय असला तरी त्यातली साखर साखरच राहते आणि रक्तात तशीच चढते. कोल्हापूरचे आहात म्हणून गुळाचं एक सांगते, पिवळाधमक दिसावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रॉस हे रंग उजळणारं रसायन घालतात, तो टाळून भेंडीच्या रसाने मळी काढलेला तांबूस-काळपट गूळ हा घरच्या बाकीच्यांसाठी नक्कीच चांगला. तुमच्यासाठी दोन्ही सारखेच. कुकीजचं पाकीट उलटं करून मैदा आणि साखर कितव्या नंबरला आहे ते बघा.

प्रश्न : जतजवळ दोन एकर आहे, चार वर्षं झाली रासायनिक बंद करून. भाजी आणि तूर पिकवतो. लोक विचारतात सर्टिफिकेट कुठंय, आणि बाजारात कोणीही ऑरगॅनिकची पाटी लावून विकतंय. मी काय करू?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. पहिलं म्हणजे तुम्ही स्वतः पिकवून स्वतः थेट गिऱ्हाइकाला विकत असाल तर अन्नसुरक्षेच्या 2017 च्या नियमांत छोट्या शेतकऱ्याला सर्टिफिकेटची सक्ती नाही. फक्त सेंद्रिय मालाचा सरकारी लोगो लावता येत नाही. दुकानात किंवा ऑनलाइन पाकिटातून विकायचं असेल तर मात्र लागतं. त्याला दोन वाटा आहेत, एनपीओपी म्हणजे तपासणी करणाऱ्या संस्थेकडून, ती निर्यातीलाही चालते पण एकट्या दोन एकरवाल्याला फी जड जाते, आणि दुसरी पीजीएस, त्यात गावातल्या निदान पाच शेतकऱ्यांनी गट करायचा आणि एकमेकांच्या शेताची तपासणी करायची, खर्च फार कमी. तुम्हाला मी पीजीएसच सुचवीन. गट होत असेल तर आत्तापासून नोंदवही ठेवा, काय पेरलं, काय घातलं, बियाणं कुठून आणलं. शेजाऱ्याच्या शेतातून फवारा उडून येतो ना, तर बांधाला शेवरी किंवा गिरिपुष्पाची दाट रांग लावा आणि कडेच्या दोन-चार ओळी वेगळ्या काढून विका.

गिऱ्हाइकांनाही एक सांगते कारण घोळ तिथेच होतो. नॅचरल, फार्म फ्रेश, देशी हे शब्द पाकिटावर कोणीही छापू शकतं. रेसिड्यू फ्री म्हणजे औषध मारलंय पण वेळेत थांबवल्यामुळे तपासणीत अंश सापडले नाहीत, तो माल वाईट नाही, पण तो सेंद्रिय नव्हे. आणि एनपीओपीत हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं रासायनिक बंद ठेवल्याशिवाय सेंद्रिय म्हणता येत नाही, तेव्हा यंदाच सुरू केलं म्हणणाऱ्याला जरा प्रश्न विचारा.

आणि दादा, तुम्ही गिऱ्हाइकांना एखाद्या रविवारी शेतावर बोलवा. किडलेलं वांगं, भोकं पडलेला माठ, तुमची दशपर्णीची टाकी, सगळं दाखवा, काही लपवू नका. एखाद्या सीझनला अळी हाताबाहेर जाऊन काही मारावं लागलं तर तेही सांगून टाका आणि तेवढा माल साध्या भावाने द्या. तूर निघाली की मला कळवा, मासिकाच्या पत्त्यावर पत्र टाकलंत तरी मिळेल, दहा किलो माझ्या घरी लागते.